बँडवाल्यांची चाल



मागच्या पंधरा ऑगस्टची गोष्ट सांगतो. बीड जिल्ह्यातल्या एका शाळेने झेंडावंदनासाठी बँड सांगितला होता. बँड माझ्या मामाचा. आता मामा म्हणजे सहा महिने कोयत्यावर आणि सहा महिने बाजावर जगलेला माणूस. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल अंगावर घेऊन मामा-मामी कारखान्याला जाणार, पट्टा पडला की चैतात परत येणार आणि आल्या आल्या लग्नसराईचा ट्रम्पेट हातात. हा ट्रम्पेटही त्याने एका वर्षीच्या उचलीतूनच घेतलेला, मेरठच्या बनावटीचा, जुना. तीन पिस्टनांपैकी मधला जरा अडकतो. मामा त्यात गोडेतेलाचा थेंब सोडतो आणि वेळ भागवून नेतो.

तर झेंडावंदन झाले. पाहुणे मांडवात बसले होते, बँड गेटाजवळ उन्हात उभा होता. माइकवरून पुकारा झाला, आता आपण लतादीदींचे अजरामर गीत बँडवर ऐकू या. मामाने 'ऐ मेरे वतन के लोगो' धरले. सगळे मैदान उभे राहिले. पोरे गप्प, मास्तर गप्प, एक-दोन बाया डोळ्यांना पदर लावत होत्या. गाणे संपले, टाळ्या पडल्या, भाषणे झाली, जिलेबीचे पुडे वाटायला निघाले. ते मांडवात पुरले, गेटापर्यंत आलेच नाहीत.

संध्याकाळी मी मामाच्या घरी गेलो. जिलेबीबद्दल तो एक शब्द बोलला नाही. एवढेच म्हणाला, "समदे हुबे राह्यले रं गाण्याला. पर एकानं बी हिकडं मान वळवून पाह्यलं न्हाई."

मामाची नात आठवीला आहे, बोलायला मोठी धीट. ती म्हणाली, "आजोबा, सर म्हणले लताबाईचं गाणं. पण तुम्ही तर गायलं नाही, नुसती चाल वाजवली. मग ती चाल कुणाची?"

मामाने माझ्याकडे पाहिले, मी मामीकडे, मामीने चुलीकडे. ज्या माणसाने ही चाल हजार वेळा वाजवली त्यालाही ठाऊक नाही आणि मी चार बुके शिकलेला, मलाही त्या घडीला नाव आठवेना. पोरीला म्हटले, शोधून सांगतो. तिला जे सांगितले तेच आज या सदरात लिहितो आहे.

ती चाल आपल्या शेजारच्याच माणसाची. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात गोदावरीच्या काठी पुणतांबे नावाचे गाव आहे. दौंड-मनमाड रेल्वेने गेलेल्यांनी ते स्टेशन पाहिले असेल. तिथून गोदावरी पैठणला येते आणि पुढे आपल्या गेवराई, माजलगावच्या शिवेवरून वाहत जाते. त्या पुणतांब्यात १२ जानेवारी १९१८ रोजी रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म झाला. सिनेमाच्या पाटीवर ते सी. रामचंद्र झाले, गाताना नुसते चितळकर, काही चित्रपटांत राम चितळकर तर काहींत अण्णासाहेब. जवळचे लोक त्यांना अण्णा म्हणत. एका माणसाला एवढी नावे, आणि आपल्या तोंडी त्यातले एकही नाही.

रामचंद्रांनी पुण्याला गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांकडे शास्त्रीय गाणे शिकून घेतले. सिनेमात मात्र ते शिरले नट म्हणून. 'नागानंद' नावाच्या चित्रपटात नायकाचे काम मिळाले, पण पुढे नायकपणा काही टिकला नाही. मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हिटोनमध्ये किरकोळ कामे केली आणि तिथल्याच संगीतकारांच्या हाताखाली पेटी वाजवली. पेटीवाला म्हणजे चाल बांधणाऱ्याच्या पायाशी बसणारा माणूस. स्वतंत्र संगीतकार म्हणून पहिली कामे मिळाली तीही मद्रासकडच्या तमिळ चित्रपटांची. १९४२ च्या 'सुखी जीवन'पासून मास्टर भगवान यांच्याशी दोस्ती जमली आणि दिवस पालटले.

आता इथे जरा आडवाटेने जावे लागेल. या माणसाच्या गाण्यांत जो एक उड्या मारणारा ठेका आहे, जी ट्रम्पेटची ललकारी आहे, ती पुणतांब्याची नाही आणि गांधर्व महाविद्यालयाचीही नाही. ती साता समुद्रापलीकडून आली. तिचे नाव जॅझ.

जॅझ हे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे संगीत. दक्षिणेकडे न्यू ऑर्लिन्स नावाचे बंदराचे शहर आहे. १८६५ साली अमेरिकेतली गुलामगिरी कायद्याने संपली, पण काळ्या माणसाच्या वाट्याचे हलके काम आणि वेगळी वस्ती संपली नाही. या लोकांनी पितळी वाद्ये हाती धरली. आपापले बँड काढले. मयत असली की स्मशानाकडे जाताना संथ, जड सूर वाजवायचे आणि माती देऊन परतताना तेच बाजे नाचऱ्या चालीवर आणायचे. मयतीला आणि लग्नाला वाजवणारा माणूस एकच, आणि वाजवून झाले की त्याने दूर उभे राहायचे, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. हलगी आपल्या घरांतून का गेली आणि कशी गेली हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा.

त्याच न्यू ऑर्लिन्समध्ये १९०१ साली लुई आर्मस्ट्राँग जन्मला. लहानपणी खोड्या केल्या म्हणून त्याला काळ्या मुलांच्या सुधारगृहात टाकले होते. तिथल्या बँडमध्ये त्याच्या हाती कॉर्नेट आले, म्हणजे ट्रम्पेटचेच धाकटे भावंड. पुढे जगभर लोक त्याला ऐकायला तिकिटे काढू लागले.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. ते विद्यापीठ हार्लेम या वस्तीला लागून आहे आणि पुढच्या काळात काळ्या लोकांच्या लेखणीचे आणि गाण्याचे मोठे केंद्र तेच हार्लेम झाले. १९४६ साली बाबासाहेबांनी तिकडचे काळे विद्वान डू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या दुःखातले साम्य दाखवले होते. १९७२ साली आपल्या पोरांनी दलित पँथर हे नाव घेतले तेही तिकडच्या ब्लॅक पँथरवरून. तिकडचे विचार आपल्याकडे आले हे आपण अभिमानाने सांगतो. तिकडचा बाजाही आला होता, आणि आधीच आला होता.

तो आला मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात. १९३५ साली लिऑन ॲबी नावाचा काळा कलावंत आपला बँड घेऊन ताजमध्ये वाजवायला आला. त्याच्यामागून टेडी वेदरफोर्ड हा पियानोवाला आला. तो आपल्या देशातच राहिला आणि १९४५ साली कलकत्त्यात पटकीने वारला. स्वतःच्या देशात ज्यांना गोऱ्यांच्या पंगतीला बसता येत नव्हते ते इथे साहेबांना आणि राजेरजवाड्यांना नाचवत होते. अर्थात तिथेही ते वाजवायलाच होते, जेवायला नव्हे.

त्यांच्या सोबतीला बसून हे संगीत कुणी उचलले, तर गोव्याच्या पोरांनी. गोवा तेव्हा पोर्तुगिजांचा. तिथे चर्चच्या शाळांत मुलांना व्हायोलिन आणि कागदावरचे सूर वाचायला शिकवत. शेती थोडी, घरात खाणारी तोंडे फार, म्हणून ही मुले मुंबईला येत आणि धोबीतलाव, माझगाव भागात गावकऱ्यांच्या 'कुडां'मध्ये राहत. कूड म्हणजे एका गावच्या लोकांनी भाड्याने घेतलेली खोली. आपल्या गिरणगावातल्या गाववाल्यांच्या खोल्यांसारखीच, ट्रंकेला ट्रंक लावून. रात्री हॉटेलात वाजवायचे आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत.

यातलाच एक आल्दोना गावचा अंतोनियो शावियर वाझ. जन्म १९१६ चा. ट्रम्पेटवर त्याचा हात असा होता की लोक त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणायचे. तो स्वतःही आर्मस्ट्राँगसारखाच उभा राहायचा. सगळ्या मुंबईत तो 'चिक चॉकलेट' या नावाने ओळखला जाई. हा चिक चॉकलेट सी. रामचंद्रांचा साथीदार झाला.

स्टुडिओतले काम कसे चालायचे ते मामाला सांगितले तेव्हा त्याचे डोळेच मोठे झाले. संगीतकार पेटीवर चाल म्हणून दाखवायचा. गोव्याचा साहाय्यक ती ऐकता ऐकता कागदावर उतरवायचा. मग तोच ठरवायचा की इथे चार व्हायोलिने, इथे क्लॅरिनेट, दोन ओळींच्या मधल्या जागेत ट्रम्पेट. प्रत्येक वाजवणाऱ्याच्या पुढे त्याचा त्याचा कागद. आणि रेकॉर्डिंग सलग, पहिल्यापासून शेवटपर्यंत एका दमात. चाळीस-पन्नास माणसांत एकाचाही सूर चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाजवायचे. मजुरी पाळीवर. रेकॉर्ड निघाली की तिच्यावर गाणाऱ्याचे नाव आणि संगीतकाराचे नाव. कागद लिहिणाऱ्याचे नाही, फुंकणाऱ्याचे तर नाहीच नाही. मामा म्हणाला, "म्हंजी आमच्यावानीच की."

१९४७ साली 'शहनाई' चित्रपट आला. त्यातले 'दर संडेला ये' असे आपल्या प्रेयसीला सांगणारे गाणे रामचंद्रांनी बांधले आणि स्वतः गायलेही. सभ्य मंडळींनी नाके मुरडली, हे कसले थिल्लर गाणे म्हणून. गिरणगावात मात्र ते भलतेच चालले. चालणारच. आठवड्यात सुट्टीचा वार तो एकच, आणि तो वारही आपसूक मिळालेला नव्हता. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे लढून १० जून १८९० ला गिरणी कामगारांसाठी रविवारची रजा मिळवली होती. ते गाणे ऐकताना लोखंड्यांची आठवण कुणाला झाली असेल असे नाही, पण मला होते. आणि हेही ध्यानात घ्या की त्या वर्षी मुंबई स्वतंत्र झाली तरी आपला बीड जिल्हा निजामाच्याच राज्यात होता. आपल्याकडे तिरंगा मोकळेपणी फडकला तो १७ सप्टेंबर १९४८ नंतर.

मग १९५१ साली 'अलबेला' आला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहावा. भगवानदादा पालव नायक, तेच दिग्दर्शक. गिरणी कामगाराचा मुलगा, चाळीत वाढलेला, ना रूप ना उंची, पण नाचायला लागला की थिएटरातली माणसे पडद्यावर पैसे फेकायची. चिक चॉकलेटचे नुसते हातच नव्हे तर तोंडही या चित्रपटात दिसते. एका गाण्यात तो आणि त्याचे बँडवाले झालरीचे झगे घालून खुद्द पडद्यावर आहेत. 'शोला जो भडके' हे गाणे रामचंद्र आणि लताबाई दोघांनी मिळून म्हटले. त्यातला ट्रम्पेट, सॅक्सोफोन, बोंगो ऐका आणि मग आपल्याकडची कोणतीही वरात आठवा. नवरदेवाच्या पुढे एक हात वर, एक हात कमरेवर, खांदे हलवत जो माणूस नाचतो ना, तो भगवानदादाच असतो. त्याला ते माहीत नसले तरी.

भगवानदादांनी पुढे जुहूचा बंगला आणि गाड्या सगळे गमावले आणि २००२ साली ते दादरच्या चाळीत वारले. तो विषय वेगळा, पुन्हा कधीतरी.

रामचंद्रांची सगळीच बाजू उजळ होती असे मी म्हणणार नाही. १९५० च्या 'समाधी'मधले त्यांचे 'गोरे गोरे' हे गाणे एका परदेशी चित्रपटातल्या चालीवरून सरळ उचललेले आहे. ज्याची मूळ चाल, त्याचे नाव इथल्या पाटीवर आले नाही. म्हणजे नाव गाळायची ही खोड फक्त मालकांची नव्हे. ज्याचे नाव गाळले जाते तोही दुसऱ्याचे गाळतो. १९५७ च्या 'आशा'मधल्या 'इना मीना डिका'ची हकीकत मात्र गंमतीची आहे. बाहेर पोरे खेळताना काही निरर्थक शब्द म्हणत होती, ते ऐकून रामचंद्रांचा गोवेकर साहाय्यक जॉन गोम्स याने पहिली ओळ जुळवली आणि त्यात कोकणीतले 'मला नको' अशा अर्थाचे शब्दही बसवले. सगळा देश ते गाणे म्हणत नाचला आणि कोकणी बोलतो आहोत हे कुणाला कळलेही नाही.

सरकारला मात्र हे संगीत पसंत नव्हते. १९५२ साली बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, विद्वान माणूस. सिनेमाची गाणी लोकांची अभिरुची बिघडवतात असे त्यांचे मत. आकाशवाणीवरून ती जवळजवळ बंद झाली. मग लोक रेडिओ सिलोन लावू लागले, 'बिनाका गीतमाला' घराघरांत गेली, आणि शेवटी १९५७ साली सरकारला विविध भारती काढावी लागली. पेटीला तर आकाशवाणीची दारे १९४० पासूनच बंद होती, ती पुढे सत्तरीच्या दशकात उघडली. पेटीवर वाढलेला आणि जॅझवर पोसलेला हा आपला संगीतकार दोन्हीकडून अशुद्ध ठरत होता.

आता त्या गाण्याकडे येतो.

१९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात चीनशी युद्ध झाले आणि आपली हार झाली. बर्फात, पुरेशी दारूगोळ्याची सोय नसताना, अंगावर धड गरम कपडे नसताना जवान लढले आणि मेले. लडाखच्या रेझांग ला येथे कुमाऊं रेजिमेंटच्या एका तुकडीतले शंभराहून जास्त जवान जागेवर पडले, बहुतेक सगळे हरियाणाच्या खेड्यांतले शेतकऱ्यांचे मुलगे. सैन्यात कोणाची मुले जातात हे आपल्या वस्त्यांना वेगळे सांगायला नको. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हापासून आपल्या कितीतरी घरांत एक तरी फोटो वर्दीतला आहे.

त्या युद्धानंतर जवानांच्या निधीसाठी दिल्लीत मोठा कार्यक्रम ठरला. त्यासाठी गीत लिहिले कवी प्रदीप यांनी. यांचेही मूळ नाव रामचंद्रच, रामचंद्र द्विवेदी. माहीमच्या समुद्रकिनारी फिरताना ओळी सुचल्या, कागद नव्हता, म्हणून सिगारेटच्या पाकिटाच्या कागदावर लिहून घेतल्या असे सांगतात. प्रदीप आणि सी. रामचंद्र ही जोडी नवी नव्हती. १९५८ च्या 'तलाक'मध्ये दोघांनी स्वातंत्र्याच्या बिगुलाचे गाणे केले होते आणि १९५९ च्या 'पैगाम'मध्ये माणसा-माणसांतल्या भाईचाऱ्याचे. 'पैगाम' ही गिरणी आणि कामगारांचीच गोष्ट. ते भाईचाऱ्याचे गाणे मन्ना डे यांनी गायले आहे आणि माझ्या मते देशभक्तीच्या कार्यक्रमांत तेही वाजायला हवे. बंधुतेशिवाय कसला देश? पण ते फारसे वाजत नाही.

गाणार कोण, यावरून बरेच झाले. रामचंद्र आणि लताबाई यांच्यात काही वर्षे अबोला होता. गाणे आधी आशाबाईंकडे जाणार होते, मग दोघी बहिणींनी मिळून म्हणायचे ठरले, मग आशाबाई बाजूला झाल्या. प्रदीपांनी मध्ये पडून लताबाईंना राजी केले. रामचंद्र आधीच दिल्लीला गेले होते म्हणून त्यांनी चाल टेपवर भरून दिली आणि लताबाईंनी ती ऐकून बसवली. २७ जानेवारी १९६३ ला राष्ट्रपती राधाकृष्णन आणि पंतप्रधान नेहरू यांच्यासमोर त्या ते गायल्या. नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आले ही गोष्ट तेव्हापासून सांगितली जाते. ज्यांनी गीत लिहिले त्या प्रदीपांना मात्र कार्यक्रमाचे बोलावणेच नव्हते. ते मुंबईत आपल्या घरी होते.

हे वाचले तेव्हा मला गेटाजवळचा मामा आठवला.

चालीत काय आहे ते मामाने मला समजावले. वाजवणाऱ्याला जे कळते ते आपल्याला कळत नाही. तो म्हणाला, "सुरवातीला ठेकाच न्हाई बघ. नुसतं बोलल्यावानी. माणूस दारात यून मयतीचा निरोप सांगतुया तसं. ठेका मागून येतो, त्यो बी हळू. म्हणून मोठं अवघाडंय. लग्नाचं गाणं चुकलं तर ढोलात झाकून जातं. ह्यात झाकाया काय न्हाई. दम कमी पडला की उघडं." ज्या माणसाने सगळी मुंबई ट्रम्पेटच्या तालावर नाचवली, त्याने या गाण्यात वाद्यांची गर्दी होऊ दिली नाही. आवाज पुढे, बाकी सगळे मागे. न्यू ऑर्लिन्सचे बँडवाले स्मशानाकडे जाताना जसे संथ वाजवत तसेच काहीसे. परतीची नाचरी चाल रामचंद्रांना येत नव्हती असे थोडेच आहे? ती इथे लावायची नाही हे त्यांना कळले.

बँडचे आणि देशाच्या गाण्यांचे नाते तसे जुने आहे. 'कदम कदम बढाये जा' ही आझाद हिंद सेनेची चाल बांधणारे कॅप्टन राम सिंह ठाकुरी हे गुरखा पलटणीतले बँडवाले होते. सी. रामचंद्रांनी तेही गाणे 'समाधी'मध्ये घेतले. आणि २०२२ साली दिल्लीत प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याच्या शेवटी, २९ जानेवारीच्या संध्याकाळी, सैन्याच्या बँडने इंग्रजांच्या काळापासूनचे प्रार्थनागीत काढून त्या जागी 'ऐ मेरे वतन के लोगो' वाजवले. म्हणजे सैन्याचा ट्रम्पेटवाला आणि गेवराई-माजलगावचा ट्रम्पेटवाला आता एकच चाल वाजवतात. एकाला वर्दी आणि पेन्शन आहे, दुसऱ्याला सुपारीचे पैसे, तेही कापून.

पैशाचेही सांगून टाकतो. या गाण्याची मिळकत युद्धातल्या विधवांच्या निधीला जावी असे ठरले होते. ती नीट पोहोचत नाही म्हणून प्रकरण कोर्टात गेले आणि २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने रेकॉर्ड कंपनीला १० लाख रुपये थकबाकी भरायला सांगितली. बेचाळीस वर्षांनी. आणि गीतकार-संगीतकारांना आपल्या गाण्याच्या मिळकतीतला वाटा कायद्याने पक्का झाला तो २०१२ च्या दुरुस्तीने. चिक चॉकलेट १९६७ मध्ये गेला, सी. रामचंद्र ५ जानेवारी १९८२ ला गेले, प्रदीप १९९८ मध्ये गेले. तिघांपैकी एकाच्याही हयातीत तो झाला नाही. रामचंद्रांनी 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्र १९७७ मध्ये लिहून ठेवले. त्याच वर्षी 'अमर अकबर अँथनी'मध्ये अँथनी गोन्साल्विस हे नाव अमिताभच्या तोंडी आले. हे खरे गोव्याचे व्हायोलिनवाले गुरुजी. त्यांचे शिष्य प्यारेलाल त्या चित्रपटाचे संगीतकार होते, त्यांनी गुरूचे नाव असे गाण्यात घालून ठेवले. कागद लिहिणाऱ्या सगळ्या गोवेकरांपैकी निदान एकाचे नाव तरी घरोघर गेले, गमतीच्या गाण्यातून का होईना.

हे सगळे मी परवा मामाच्या ओट्यावर बसून सांगितले. नातीने मोबाइलवर 'अलबेला'चे ते गाणे काढले. झालरीचे झगे घातलेले बँडवाले आले तसा मामा पुढे सरकला. चिक चॉकलेट ट्रम्पेट वर करून वाजवत होता. मामा त्याच्या बोटांकडे पाहत होता. त्याची स्वतःची बोटे गुडघ्यावर हलत होती.

"परत लाव," तो म्हणाला. तिने परत लावले.

"नाव काय म्हणलास ह्याचं?"

मी सांगितले. चॉकलेट म्हटल्यावर मामी हसली. मामा हसला नाही. नातीला म्हणाला, "वहीत लिहून ठिव. चालवाल्याचं बी लिही. पुणतांब्याचा, म्हण. पुढल्या टायमाला सरानं माइकवर सांगितलं न्हाई तर तू जाऊन सांग."

पोरगी म्हणाली, "सांगते की. सव्वीस जानेवारीला सांगते."

"सव्वीस जानेवारीला आम्ही फडात आसतो," मामी म्हणाली. "तवा मोबाइलच लावत्यात शाळंत."

मामा काही बोलला नाही. या वर्षीची उचल त्याने घेतली आहे, वय झाले तरी. गाडी निघाली की भांड्याकुंड्यांच्या पोत्यात ट्रम्पेट जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवतो. कोपीत रात्री वाजवला तर मुकादम ओरडतो, पहाटे तोडीला उठायचे असते म्हणून. पण दिवाळीला अजून अवकाश आहे. त्याने ट्रम्पेट खाली घेतला, मधल्या पिस्टनात तेलाचा थेंब सोडला आणि तो अडकतो का ते दाबून पाहू लागला.